तांबडी ओळ

"वहिनी, आधी हात धुवा. दरवर्षी भातावरचा करपा तुमच्याच खाचरातून येतो," लावणीला आलेल्या सगळ्या बायकांदेखत विश्राम भावजयीला म्हणाला. सगुणाने कोपरापर्यंत हात धुतले.

यंदा लावायला आणलेलं हे नवं भात हुशार होतं. करप्याचा जंतू लागला की पान घटकाभरातच तेवढ्या जागी तांबडं पडून स्वतःच मरे आणि जंतूची वाट अडवे.

दुपारी सगुणाची ओळ हिरवीगार होती. तांबडी झाली होती विश्रामची. आपल्या रोपांच्या जुड्यांचे शेंडे त्याने न धुतलेल्या विळ्याने छाटले होते.

बायकांच्या नजरा त्याच्या विळ्याकडे वळल्या.

"भावजी, पाणी आणू?" सगुणाने मायेने विचारलं.

विश्रामने विळा पाठीमागे लपवला. विळ्याचं टोक मागच्या रोपाला लागलं. घटकाभरात तेही तांबडं झालं.