पेपर झाल्यावर

आरशातलं घड्याळ सव्वातीन दाखवत असेल, तर खरे वाजले किती? डोंगरापलीकडचं राज्य, तिथे उन्हाळाच येत नाही. फ्रिजवर चुंबकानं लावलेलं हॉलतिकीट. विरजण लावलेलं दही, उद्या निघताना हातावर द्यायला. एक शब्द, आयसीयू, जो या घरात मोठ्यानं म्हणायचा नाही.

"हे काय आहे?" मंदाकिनीनं विचारलं.

"पुस्तक."

"ते दिसतंय. उद्या पेपरात ड्रॅगन किती मार्कांना आहे?"

कादंबरीनं सराव संचाच्या पोटात दडवलेलं जाडजूड पुस्तक बाहेर काढलं. सातवीतली मुलगी, उद्या रविवारी स्कॉलरशिपची परीक्षा. बुधवारपासून ती वारज्याचं घर सोडून इथे शनिवार पेठेत मंदाकिनीआत्याकडे होती. तिला सांगितलं होतं, की बाबांना कंपनीनं तातडीनं अमेरिकेला पाठवलंय आणि आईला ऑफिसात रोज उशीर होतोय. खरं म्हणजे बुधवारी सकाळी श्यामसुंदर कंपनीच्या बसमध्येच कोसळला होता. मेंदूत रक्तस्राव. त्याची बायको रुपाली तेव्हापासून हॉस्पिटलच्या बाकावर होती. मुलीला पेपर झाल्यावर सांगायचं, हे मंदाकिनीनं ठरवलं होतं. धाकट्या भावाच्या घरात तिचा शब्द चालायचा.

तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. तिचे स्वतःचे वडील गेले तेव्हा तिची मॅट्रिक चालू होती. मामांकडे ठेवून तिला शेवटच्या पेपरनंतर सांगितलं. ती पहिल्या वर्गात पास झाली. ही गोष्ट घरात वर्षानुवर्षं कौतुकानं सांगितली जायची, आणि कौतुक तिचं असायचं म्हणून ती ऐकून घ्यायची. पुढे ती शिक्षिका झाली. वर्गातल्या एका मुलाच्या घरूनही असाच निरोप आला होता आणि तिनंही तो पेपर संपेपर्यंत मुठीत ठेवला होता.

"एकच प्रकरण राहिलंय," कादंबरी म्हणाली.

"काय असतं गं त्यात एवढं? दीड वितीची पोरं तलवारी घेऊन हिंडतात. घरचे झोपलेले असतात का?"

"तलवारींसाठी नाही वाचत मी."

"मग?"

कादंबरीनं पेन्सिलीचं टोक बोटावर टोचून पाहिलं. "अशा सगळ्या पुस्तकांत एक म्हातारं माणूस असतं. त्याला सगळं माहीत असतं. पण ती मुलगी लहान म्हणून ते तिला काहीच सांगत नाही. आपल्याला कळत असतं. तिलाही थोडं थोडं कळत असतं. मग शेवटी ते माणूस तिला समोर बसवतं आणि म्हणतं, हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. मला तेवढंच आवडतं. तेवढ्यासाठी मी बाकीची सहाशे पानं वाचते."

"आणि सांगून काय होतं?"

"मग ती जाते ना. तिच्यावाचून तिकडे अडलेलं असतं."

मंदाकिनीचा मोबाइल वाजला. ती स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं.

"ताई, तिला आणता का?" रुपालीचा आवाज घाईचा होता. "आत्ता, रिक्षानं."

"अगं, उद्या पेपर आहे. झाला की तशीच घेऊन येते."

"हो, पण ताई, हे..."

"रडवून बसवायची का तिला पेपरला? एवढं वर्षभर केलंय तिनं. ठेव आता, ती बाहेरच आहे."

ती परत आली तेव्हा पुस्तक मिटून टेबलाच्या कडेला ठेवलेलं होतं.

"बाबांचा होता?"

"गॅसवाल्याचा. नंबर लागलाय."

कादंबरी उठली. समोरची खुर्ची तिनं बाहेर ओढली, आत्याला बसता येईल इतकी. मग आपल्या जागी येऊन हात मांडीवर ठेवून बसली. पेन्सिल खाली ठेवलेली. वाट पाहत.

मंदाकिनीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं. एवढंच करायचं होतं, बसायचं. मग डोळ्यांपुढे परीक्षेचा हॉल आला. त्यात ही पोर, आणि समोर कोरी उत्तरपत्रिका.

"भेंडी चिरायचीय," ती म्हणाली. "आरशाची गणितं परत एकदा बघून घे."

दही. साखर. शाळेचं फाटक. इतर मुलांचे बाबा, स्कूटरला टेकून पेपर वाचणारे. घंटा.

पेपर सुटल्यावर रिक्षा घराकडे वळली नाही. लकडी पुलावर कादंबरीनं विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

मंदाकिनीनं तिच्याकडे पाहिलं. कुठलं वाक्य बोलायचं ते तिला आता ठाऊक होतं. शब्दन् शब्द.

"पेपर कसा गेला?" तिनं विचारलं.

"सोपा होता," कादंबरी म्हणाली आणि बाहेर नदीकडे बघत राहिली. हॉस्पिटलच्या दारात रिक्षा थांबली तशी ती उतरली. जिन्यानं ती आत्याच्या पुढे गेली.

वर बाकावरून रुपाली उठली नाही. तिनं मुलीला जवळ ओढलं. नणंदेकडे पाहिलं नाही. आत श्यामसुंदरची छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती. सिस्टर म्हणाल्या, बोल त्यांच्याशी, कदाचित ऐकू येत असेल. कादंबरी बाबांच्या कानाशी वाकली. काय बोलली, ते कुणाला ऐकू आलं नाही.

सोमवारी पहाटे तो गेला.

जूनमध्ये निकाल लागला. कादंबरी जिल्ह्यात चौथी आली. मंदाकिनी पेढे घेऊन वारज्याला गेली. रुपालीनं दार उघडलं, डबा घेतला, आणि आत या म्हणाली नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी, रुपालीनं फोन केला तेव्हा, श्यामसुंदर शुद्धीवर आला होता आणि तासभर नीट बोलत होता.