बाबांचं नाक

हिंगाची डबी धम्मप्रियाने पुन्हा नाकाशी नेली. या वेळी तिने डबीत जवळजवळ तोंडच घातलं. काहीच आलं नाही. डबी फडताळात ठेवून ती वळली, तर स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते.

"तापात वास गेला का?" आनंदराज सोनकांबळेंनी विचारलं.

तिने मान डोलावली आणि तिथेच खाली बसली.

नाशिकच्या एका कंपनीत ती वाइन चाखायचं काम करत होती. वेगवेगळ्या भागांतल्या, साध्या माणसाला परवडणाऱ्या बाटल्या तिच्यासमोर यायच्या. ती दहापैकी गुण द्यायची आणि त्यावरून कंपनीच्या दुकानांत कोणती ठेवायची ते ठरायचं. तापाने फणफणत ती कंधारला घरी आली, तेव्हा राहिलेल्या चार बाटल्या सोबत घेऊन आली होती. त्यांचे गुण आज संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. खोकं पलंगाखाली होतं. बाबांना ते दिसलं होतं, पण त्यावर दोघंही बोलले नव्हते.

"अंदाजानं देऊन टाकू का, असं वाटून राहिलंय," ती म्हणाली. "कुणाला कळणार न्हाई."

"ज्यानं बनवली, त्यानं बी अंदाजानंच बनवली असल का?"



आनंदराज निवृत्त शिक्षक होते. दर रविवारी विहारात मुलांना पंचशील शिकवायचे. गल्लीच्या तोंडाशी असलेलं दारूचं दुकान हटवायला निघालेल्या मोर्चात सगळ्यात पुढे तेच होते. ते चौकटीला टेकले.

"जिभेला काय कळतं तुझ्या?"

"आंबट, गोड, तुरट. बस. बाकीचं सगळं नाकाचं काम."

"मग ते मी करतो," ते म्हणाले. "पिणार न्हाई."

"बाबा, लोक बघतील."

आनंदराज बैठकीत गेले आणि रस्त्याकडचं दार सताड उघडलं. "दार लावलं तर जास्ती बघतील."

तिने सतरंजीवर काचेचे ग्लास मांडले, शेजारी थुंकायला घमेलं ठेवलं. पहिली बाटली नाशिककडची, पांढरी. तिने ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि लगेच मागे घेतला.

"राहू द्या बाबा."

"थांब." त्यांनी डोळे मिटले. "दारूचा वास मला म्हाईत हाय. माझ्या बापाच्या तोंडाला यायचा. म्या त्याच्यापाशी झोपायचो न्हाई त्याच्यापायी." त्यांनी पुन्हा वास घेतला. "तो हाय ह्यात. पण लई मागं हाय. पुढं पेरू हाय. हिरवा पेरू."

तिने घोट घेतला, तोंडात घोळवला, घमेल्यात टाकला. "आंबटपणा चांगला आहे. शेवटाला जरा कडवट. सात."

दुसरी सांगलीकडची. वास घेऊन ते म्हणाले, जांभूळ, आणि थोडी जळकी साखर. ती म्हणाली, फार गोड, पाच. तिसरी विजापूरकडची, लाल. तिच्या जिभेला ती तिघींत उजवी वाटली. न आंबट, न गोड, तुरटपणा मऊ. "हिला आठ द्यायचे."

"आठ?" बाबा दचकले. "ह्याच्यात पावसात भिजलेलं पोतं हाय. कोंदट."

तिने बाटलीचं बूच उचलून उजेडात धरलं. "म्हणजे बूच खराब होऊन त्याचा वास लागलाय. माझं नाक चालत असतं तर पहिल्यांदा मीच हे धरलं असतं." तिचा आवाज बारीक झाला. "वाइन खराब न्हाई, बाबा. ही एक बाटली खराब हाय. दुसरी मागवल्याशिवाय गुण द्यायचे न्हाईत."

"बरं झालं न मग." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चौथा ग्लास स्वतःच पुढे ओढला.

तेवढ्यात समोरच्या घरातले मकबूल टेलर दाराशी आले. आत सतरंजी, बाटल्या, आणि मध्ये गुरुजी.

"गुरुजी, ये क्या?"

"लेकीचं काम हाय. तिला वास येईना झालाय. मी हुंगून सांगून राहिलो, ती चाखून."

मकबूल चपला काढून बाहेरच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसले. "चालू द्या तुमचं. कुणी आलं तर मी बोलतो."

चौथीला सहा गुण पडल्यावर धम्मप्रियाने आपल्या साहेबांना फोन लावला. सोमेश सर. तिने सगळं सांगितलं. वास गेलाय तेही, आणि नाक वडिलांचं वापरलं तेही. सरांनी एकच विचारलं.

"वडील वाइन पितात?"

"न्हाई सर. आयुष्यात कधीच न्हाई."

"हं. पाठव. पण खाली दोघांची नावं टाक. आणि नांदेडला जाऊन नाक दाखव. वास येईपर्यंत तुझं काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल मला. आल्यावर ये."

तिने फोन ठेवला. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं.

"बाबा, तुमचं नाव टाकायला सांगतात. नको असंल तर मी तसं कळवते."

आनंदराजांनी उघड्या दारातून रस्त्याकडे पाहिलं. विहाराकडे जाणारी दोन माणसं हळू चालत होती, मान इकडे वळवून.

"टाक," ते म्हणाले. "आनंदराज सोनकांबळे, कंधार." ती लिहायला लागली तसे ते पुढे झुकले. "आणि म्होरं लिही, फक्त हुंगली."

"गवाह म्हणून माझं बी लिही," पायरीवरून मकबूल म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.