गुरुवारचा वास

पहिली पोळी तेलात सोडली आणि सालकिनायच्या नाकात सडक्या कांद्याचा, जळक्या केसांचा भपकारा शिरला.

ती दचकून मागे सरली. तापातून उठल्यापासून तिला कशाचाच वास आला नव्हता. मटण चघळलं तरी ओलं चामडं चघळल्यासारखं वाटे. चहा नुसता गरम, मीठ नुसतं खारट. कुणाला तिने ते सांगितलं नव्हतं. त्याच तापाने नवऱ्याचा जीव गेला, आपला फक्त वास गेला, म्हणजे आपण स्वस्तात सुटलो, असं ती स्वतःला सांगे आणि पुढ्यातलं मुकाट्याने गिळे.

तिने ते तेल उकिरड्याजवळ ओतलं, कढई राखेने घासली, नवी बाटली फोडली. दुसरी पोळी सोडली. पुन्हा तोच भपकारा. डोक्याचा रुमाल नाकावर ओढून घेत तिने कशाबशा सात पोळ्या तळल्या.

दर गुरुवारी गावातल्या घराघरांत अशा पोळ्या तळल्या जात. मेलेल्या माणसाला घास पोचत नाही, वास तेवढा पोचतो, म्हणून. पोळ्या मग त्याचं नाव घेऊन घरच्यांनी खायच्या. नवऱ्याला, कासिमालीला, जाऊन हिवाळा सरला होता, डोंगरावरचं बर्फ उतरत होतं, आणि सालकिनायने अजून एकही गुरुवार चुकवला नव्हता.

"आज फार वेळ लावलास," म्हणत सासू आत आली. उल्कान म्हातारी गुडघे धरत गोधडीवर टेकली. "वास चांगला सुटलाय. पार कालव्यापर्यंत येतोय."

"तेल खराब निघालं, एने." सासूला ती एने म्हणे. "टाकून देते सगळं."

"खराब?" म्हातारीने वाकून परातीवर नाक धरलं. "कुठे खराब? आणि नाकाला काय बांधलंयस?"

सालकिनायने रुमाल खाली ओढला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मला मढ्यासारखा वास येतोय."

"अन्नापुढे असं बोलू नये."

"तापापासून मला वासच नव्हता, एने. तुम्ही दर गुरुवारी विचारायचात, सुटला का गं वास, आणि मी हो म्हणायची. तुमच्याशी खोटं बोलले, त्याच्याशीही बोलले. आज पहिल्यांदा वास आला, तर तो असा. माझ्या हातचं परत करतोय तो."

"कोण?"

"तुमचा मुलगा."

चुलीत लाकूड खचलं. म्हातारीने चिमट्याने ते आत लोटलं आणि चिमटा जागच्या जागी ठेवला.

"कासिमालीने आयुष्यात कधी ताट परत केलं नाही," ती म्हणाली. "करपलेलंसुद्धा खायचा. वर म्हणायचा, करपलेलंच जास्त छान लागतं."

सालकिनाय हसली नाही. तिने हात पुसले, पुन्हा पुसले. मग इतके महिने घशात अडकलेलं बोलून टाकलं.

"शहरात साथ आहे, जाऊ नकोस, म्हणाला होता तो. भाचीचं एकदाच लग्न होतं, असं म्हणून मी त्याच्याशी भांडले आणि गेले. तिथे नाचले, एने. येताना खोकला घेऊन आले. तिसऱ्या दिवशी तो खोकायला लागला."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"दारातून आत आलीस तेव्हाच खोकत होतीस. मी काय बहिरी आहे?"

"मग एकदा तरी बोला मला. गावात कुणी बोलत नाही, तुम्ही बोलत नाही. माझ्या पुढ्यात मटणाचा चांगला तुकडा वाढता. रोज वाटतं, आज बोलाल. आज तरी बोलाल."

गोधडीच्या शिवणीवरून म्हातारी बोट फिरवत राहिली. तिचा मोठा मुलगा रशियात गेला होता तो तिकडचाच झाला होता. घरात या दोघीच होत्या.

"बोलायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "त्याला पुरून लोक परत आले त्या दिवशी तोंडापर्यंत आलं होतं. पण बोलले असते तर तू माहेरी गेली असतीस. मग या घरात मी बोलायचं कुणाशी?"

सालकिनायला वाटलं होतं, हे ऐकून रडू येईल. आलं नाही. परातीतून वाफ वर येत होती आणि तो कुजका वास तिच्या तोंडात, टाळूपर्यंत जाऊन बसला होता.

"बस," म्हातारी म्हणाली.

ती बसली. उल्कानने दोन्ही तळवे उघडे धरून ओठातल्या ओठांत कुराणातली आयत म्हटली, मुलाचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, तोंडावरून हात फिरवले. सालकिनायनेही फिरवले. मग म्हातारीने वरची पोळी घेतली, मधोमध फाडली, अर्धी आपल्या तोंडाला लावली आणि अर्धी सुनेपुढे धरली.

"मला उलटी होईल, एने."

"होऊ दे."

सालकिनायने श्वास रोखून तुकडा तोंडात घातला. गरम, तेलकट, सडका. ती चावत राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने एक हात जमिनीवर टेकला आणि घास खाली उतरवला.

तो उतरेपर्यंत म्हातारी तिच्या गळ्याकडे बघत होती. मग तिने दुसरी पोळी उचलली आणि मधोमध फाडली.