पुंजाभाऊंचा उजवा हात

पुंजाभाऊंनी वस्तरा गळ्याला टेकवला आणि खुर्चीतल्या गंगाधररावांनी श्वास रोखून धरला. ब्लेड कातडीवर नुसतं थरथरत राहिलं, पुढे सरकेना. मग एकदम सरकलं. हनुवटीखाली चुरचुरलं.

"लागलं का ओ?" पुंजाभाऊंनी विचारलं.

"छे," गंगाधरराव म्हणाले. आज खरं बोलायचंच असं ठरवून ते घरून निघाले होते आणि पहिल्याच प्रश्नाला सवयीनं खोटं बोलून बसले.

जेल रोडवरच्या या सलूनमध्ये हल्ली दाढीला ते एकटेच येत. गल्लीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी दाढ्या वाढवल्या होत्या. चांदवडकरांना कातडीची ॲलर्जी झाली होती, कुणाला नातवाची फॅशन आवडली होती. कुंभमेळ्याआधीच आपल्याकडे साधू उतरले, असं गल्लीतल्या पोरी म्हणत. केस कापायला मात्र सगळे न चुकता येत. ज्या माणसानं आपल्या पोरांची जावळं काढली, त्याला तोंडावर कसं सांगायचं की बाबा, तुझा हात हलतो?

आधी वस्तरा उचलला की तेवढ्यापुरता हलायचा. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या, त्या खाऊन झाल्या. आता हात रिकामा असला तरी अंगठा बोटांवर फिरत राही, तंबाखू मळावी तसा. चालताना तो हात अंगाला चिकटलेला असे आणि त्याच बाजूचा पाय फरशीवर घासे. समोरच्या भल्यामोठ्या आरशात गंगाधररावांना हे सगळं दिसत होतं. पुंजाभाऊ मात्र त्या आरशात जन्मभर फक्त गिऱ्हाइकाचं तोंड बघत आले होते.

"गळा कापून घ्याल, पण बोलणार नाही तुम्ही," घरून निघताना गंगाधररावांना त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

वस्तरा दुसऱ्या गालाकडे वळला तेव्हा गंगाधररावांनी पुंजाभाऊंचं मनगट धरलं. ते त्यांच्या मुठीतही थांबेना.

"पुंजाभाऊ, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. थरथर फार वाढलीय. आता नुसत्या अशक्तपणाच्या गोळ्यांवर काढू नका."

पुंजाभाऊ चिडतील, निदान हसून उडवून लावतील, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पुंजाभाऊंनी वस्तरा मिटून ठेवला आणि ते शेजारच्या बाकावर बसले. फार दमल्यासारखे दिसत होते.

"कधीपास्नं दिसतंय तुम्हाला?"

"वर्ष झालं असेल."

"समद्यांनाच?"

गंगाधररावांनी मान हलवली.

"मंग चांदवडकरांची ती ॲलर्जी?"

"तसं काही नाही त्यांना."

बाहेर कुणीतरी स्कूटर लावली, आत डोकावलं आणि निघून गेलं. गंगाधररावांच्या अर्ध्या गालावर फेस सुकत चालला होता. पुसायला टॉवेल मागायचीही त्यांना लाज वाटली.

"आमचा अमोल रोज भांडतो माझ्याशी," पुंजाभाऊ म्हणाले. "म्हणतो, बापू, ह्या गोळ्यांचा काय उपेग नाय, चला मोठ्या डॉक्टरकडं. मी त्याला म्हणायचो, लेका, वस्तऱ्याखाली गळा देणारी माणसं खोटं नाय बोलत. हात बिघडला असता तर पयले तेच बोलले असते. ज्या दिवशी गिऱ्हाईक बोलंल, त्या दिवशी येतो तुझ्यासंगं."

गंगाधररावांनी बाहीनंच गालावरचा फेस पुसला.

पुंजाभाऊंनी डाव्या हातानं मोबाईल काढला आणि मुलाला फोन लावला.

"अमोल, त्या डॉक्टरचा नंबर लावून ठेव... नाय रे, पडलो-बिडलो नाय." ते थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिले. "हां, बोललं गिऱ्हाईक. वर्षभर दिसत व्हतं म्हणे त्यांना."