पाण्याखालचा शॉट

"ही पत्रं सगळ्यात वर ठेव," आई म्हणाली. "बाईंना तीच हवी आहेत."

फटाकडीने पत्रांचा गठ्ठा खोक्यात आदळला. हे नाव तिला बाबाने ठेवलेलं; बाबा गेला, पण नाव काही सुटलं नाही. चित्रपट संग्रहालयातून आलेल्या बाई समोर बसून यादी करत होत्या: पटकथा, रेखाटनं, आवाजाच्या चाळीस फिती. संध्याकाळपर्यंत बाबाचं अख्खं दिग्दर्शन टेम्पोत बसून जाणार होतं.

पत्रं सगळी एकाच विधवेला लिहिलेली. दरवर्षी एक, आणि एकही न धाडलेलं. 'तुमच्या नवऱ्याचा मृत्यू माझ्यामुळे झाला.' खाली बाबाची सही.

"आई, हे लोक वाचणार गं! बाबा कायमचा खुनी ठरणार!"

"त्याने कधी नाकारलं का?" आईने खोक्याला सुतळीची गाठ मारली. "मग तू कशाला वकिली करतेस?"

ती गोष्ट फटाकडीच्या जन्माआधीची. काचेच्या हौदात बुडणाऱ्या माणसाचं दृश्य होतं. स्टंटमनच्या पायांना वजनं, कमरेला दोरी. बाबाने 'कट' म्हटलं की आईने दोरी ओढून त्याला वर घ्यायचं. बाबा कॅमेऱ्यामागे, आई दोरीपाशी, तिसरा पाण्यात. चौथं माणूसच नव्हतं. 'मी कट म्हणालोच नाही,' बाबाने चौकशीत सांगितलं. शिक्षा भोगून आला आणि पुन्हा कॅमेऱ्याला शिवला नाही.

पोरीला पोहायला मात्र तोच न्यायचा. आईला तलावाकडे फिरकूही द्यायचा नाही. "बापाला मेली पाण्याची धास्ती," आई हसून सांगायची.

"शॉट मात्र असा, की पुन्हा कुणाला जमला नाही," आई आता बाईंना सांगत होती.

तेवढ्यात फटाकडीला बाबाच्या कपाटाच्या तळाशी एक जाडजूड पाकीट सापडलं. आत फीत. वर बाबाचं अक्षर: त्या दिवसाची तारीख आणि खाली 'ऐकू नये'.

"बाई, पाण्याखालच्या शॉटला आवाज कशाला?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "साहेब प्रत्येक शॉटला स्वतःच्या सूचना टेप करायचे. नंतर ऐकून स्वतःच्या चुका काढायचे. वहीत लिहिलंय त्यांनी."

फटाकडीने फीत बाईंपुढे धरली. "म्हणजे तो 'कट' म्हणाला असेल, तर यात असणार!"

"सडलीय ती फीत," आई म्हणाली. "मशीनमध्ये अडकेल. टाक तिकडे."

"अडकली तर अडकली! तू बस इथे. आज त्याचं नाव धुऊन काढते की नाही, बघच."

"शहाणपणा पुरे. बाप 'ऐकू नये' म्हणतोय ना? जिवंतपणी ऐकलं नाहीस, आता तरी ऐक."

"तेच तर करतेय!"

बाईंनी फीत बाबाच्या जुन्या टेप मशीनवर चढवली. आई बसली नाही. आधी नुसती खरखर आली, मग पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. मग बाबा, अगदी कोवळा:

"कट!"

"म्हणाला! आई, म्हणाला!" फटाकडीने आईला घट्ट मिठी मारली. आईचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

"कट! कट!" बाबा ओरडत होता. "अगं, दोरी ओढ! ओढ ना!"

आणि मग अगदी माइकजवळून एक शांत, रोजचा ओळखीचा आवाज आला: "थांब रे जरा. किती सुंदर तडफडतोय. कॅमेरा बंद करू नकोस."