घरात माणसं किती?

“पप्पा, माझं लग्न ठरवलंय व्हय?” ‘तुझं ठरलंय’ अशी मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून दहावीतल्या प्रांजलीनं नव्या नळाचा चर मोजायच्या टेपचं टोक धरल्या धरल्या विचारून टाकलं.

“येडी का काय? तू शीक की,” पप्पा हसले. मम्मी मात्र मान खाली घालून चरातली माती काढत राहिली.

टेपचं दुसरं टोक रस्त्यापर्यंत नेऊन मिस्त्रीकाका परत आले. “पाइप एकदा गाडला की वीस वर्षं बघायचं काम न्हाय. घरात माणसं किती? त्यावर जाडी ठरवू.”

“दोनच,” पप्पा बोलून गेले. “अर्धा इंची बास.”



प्रांजलीनं टेपचं टोक सोडून दिलं. “काका, मला धरून तीन. एक इंची टाका. पप्पा, मम्मी, कॉलेज पुरं होईस्तवर मी ह्याच नळाचं पाणी पिणार हाय.”