पानचट कॉफी

चाकानंतर माणसानं लावलेला एकमेव थोर शोध म्हणजे बटण दाबताच कॉफी देणारं मशीन, असं मी चंद्रपूरच्या दुकानात जाहीर केलं आणि भलतंच बटण दाबून स्वतःचा शर्ट भिजवून घेतला.

माझ्या हृदयाच्या ऑपरेशनपासून माझी बायको अन्नपूर्णा मला रोज सकाळी पलंगावर कॉफी आणून देते. ती इतकी पानचट असते की मी घोटागणिक कुरकुरतो. म्हणून तर आम्ही दोघं मशीन घ्यायला आलो होतो.

"बाई, रोज एकसारखी कडक कॉफी भेटन," दुकानदार म्हणाला.

"मंग नको, भाऊ," अन्नपूर्णा म्हणाली.

"काऊन?" मी विचारलं.

तिनं उत्तर दुकानदारालाच दिलं. "कॉफी चांगली झाली तं हे चूपचाप पितीन अन् पडून राह्यतीन. सकाळी यांची कुरकुर आयकली का माह्या जिवात जीव येते. म्हणून पावडर मीच कमी टाकतो."

आम्ही रिकाम्या हातानं गोंडपिपरीला परतलो.

दुसऱ्या दिवशी कॉफीचा पहिला घोट घेतला. मग स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असा ओरडलो, "पानचट!"

आतून ती हसली.

"अन्नपूर्णा, तुह्यासाठी जनमभर कुरकुर करीन," मी म्हणालो. "फक्त रविवारी चाय मांडत जाय."